कंसाबाहेरचा दिवा

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी दिवा लागतो ना? मग त्याच्या खांबावर काय लिहिलं आहे, ते तुम्ही आजवर एकदा तरी थांबून वाचलंत का? नसेलच वाचलं. दिवा वेळेवर लागला की खांब कोण वाचतो! माझ्या मोठ्या मामांनी मात्र उभी हयात एका खांबापायी खर्च केली. मी बेधडक सांगतो, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आणि अकोल्यापासून परत अमरावतीपर्यंत शोधलं तरी नगरपालिकेवर इतका विश्वास असलेला दुसरा माणूस सापडणार नाही. खुद्द नगरपालिकेतही नाही. आमचं गाव या दोन शहरांच्या मधेच कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर नगरपालिका खुलासा पाठवील, आणि तिचे खुलासे वाचून वाचून मी आता थकलो आहे.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे. गावात वीज आली तेव्हा पेठेत, बाजारात, कचेरीसमोर एकामागून एक खांब उभे राहिले आणि नाल्याच्या काठाशी येऊन थांबले, जणू त्यांना पोहता येत नव्हतं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया शेतातून परतायच्या तेव्हा दिवस केव्हाच बुडालेला असायचा. डोक्यावर ओझं, नाल्यात टाकलेले चार ओबडधोबड दगड, आणि त्यांच्यावरून पायांनी चाचपत घरी यायचं. मामा जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर चौकीदार होते. दीक्षा घेऊन ते पांढऱ्या कपड्यांत नागपूरहून परतले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या. वस्तीचं नाव बदलायचं आणि वस्तीत दिवा आणायचा. दोन्ही कामं आठवडाभरात होतील असा त्यांचा अंदाज होता. पहिलं काम खरोखरच एका संध्याकाळी झालं. लिंबाच्या झाडाखाली सगळे बसले आणि 'समतानगर' हे नाव एकमताने ठरलं. जुनं नाव जातीच्या नावापुढे 'वाडा' जोडून झालेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांचं काही अडत नाही.

नाव ठरलं आणि मामांना जणू ते चढलं. लोक भांड्यांवर स्वतःचं नाव घालून घेतात. मामांनी घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर 'समतानगर' घालून घेतलं. गुंड, परात, गंज, पेले, काही सुटलं नाही; पाट्यावरचा वरवंटा तेवढा वाचला, कारण नाव घालणाऱ्याने हात जोडले. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. शेजारी गेलेलं भांडं परत येईना. मामी परात मागायला गेल्या की शेजारीण शांतपणे म्हणायची, "नाव त माह्याच वस्तीचं हाये ना, बाई!" मामी घरी येऊन कपाळावर हात मारायच्या. मामा म्हणायचे, "बरोबरच हाये तिचं. समता म्हंजे दुसरं काय असते?" त्या घाईत नाव घालणाऱ्याने एका पेल्यावर 'स'च्या जागी 'म' घातला आणि तो पेला 'ममतानगर'चा झाला. मामांनी त्यातून कधी पाणी प्यायलं नाही. अशुद्ध लेखन त्यांच्या घशाखाली उतरत नसे. मामींना अक्षर येत नव्हतं, पण हा पेला वेगळा आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि तो आपल्यासाठी ठेवून घेतला. निदान एक भांडं तरी घरात राहील, हा त्यांचा हिशेब.

दुसरं वेड भाषेचं. घरात मामा अस्सल वऱ्हाडी बोलायचे. पण नगरपालिकेची पायरी चढली की त्यांच्या तोंडून असं मराठी बाहेर पडायचं की शाळेच्या हेडमास्तरांनीही उभं राहावं. "महोदय, प्रस्तुत वस्तीस प्रकाशाची नितांत आवश्यकता आहे." दिव्यांचं टेबल सांभाळणाऱ्या कारकुनाला आम्ही बत्तीबाबू म्हणायचो. तो बिचारा हैराण व्हायचा. "अहो, सरळ बोला ना, बत्ती पाह्यजे म्हणून!" असं तो काकुळतीने म्हणायचा. मी एकदा मामांना विचारलं की हा कीर्तनी थाट कशासाठी. पत्रकं वाचून वाढलेला मी. साध्या माणसाने साध्या भाषेत गर्जावं, असं माझं मत होतं. मामा म्हणाले, "तो आपल्या वस्तीतल्या साऱ्याइले 'काय रे' म्हनते. मले काहून 'तुमी' म्हनते? शुद्ध मराठीले 'अरे' म्हनता येत नाई, बाप्पा. त्याची जीभच वळत नाई." त्या पत्रकांत असं काही छापलेलं नव्हतं.

अर्ज मात्र दरवेळी एकाच दगडावर आपटायचा. या नावाची वस्ती दप्तरी नाही, सबब दिवा देता येत नाही. जी वस्ती नाही तिच्यात उजेड पाडणार कसा? मामांनी पहिला अर्ज केला तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. त्याच्यावरची शाई वाळायच्या आत आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि उत्तर यायच्या आत महाराष्ट्रात आलो. बत्तीबाबू मात्र त्याच खुर्चीवर, त्याच उशीवर बसलेला. एका सुट्टीत मी मामांबरोबर गेलो होतो, तेव्हाचं संभाषण मला तोंडपाठ आहे.

"महोदय, आपल्या कार्यालयाच्या पाटीवर पूर्वी कोणत्या राज्याचे नाव होते?"

"मध्य प्रदेश."

"नंतर?"

"मुंबई. आता महाराष्ट्र. पेपर वाचत नाही का तुम्ही?"

"म्हणजे संपूर्ण राज्याचे नाव दोन वेळा बदलले आणि ते आपल्या दप्तरात दोन्ही वेळा बदलले गेले. मग आमच्या एका गल्लीचे का बदलत नाही?"

बत्तीबाबूने पानाची पिंक खिडकीबाहेर टाकली. "राज्याचा हुकूम वरून आला होता. तुमचा कुठून आला?"

"आमचा खालून आला आहे," मामा म्हणाले.

बाहेर येताच मामांनी माझा खांदा धरला. चेहरा असा फुललेला, जणू दिवा तिथेच लागला. "पाह्यलं? बोलती बंद केली का नाई?"

"पण मामा, दिव्याचं काय?"

"दिवा येते रे. आंदी त्याईले उत्तर त सापडू दे."

मी मोर्चा काढू म्हणालो. मला तेव्हा सगळ्या रोगांवर मोर्चा हे एकच औषध ठाऊक होतं. मामांनी मान हलवली. "मोर्चा एका दिवसाचा असते. नाव रोजचं असते." आणि त्यांनी त्यांची खरी योजना मला सांगितली. त्यांचा सगळा भरवसा पोस्टावर होता. पोस्ट दिल्लीचं, पोस्टाने एकदा समतानगर मानलं की नगरपालिकेच्या बापाला ते मानावं लागेल. म्हणून त्यांनी यच्चयावत नातेवाइकांना फर्मान काढलं की समतानगरच्या पत्त्यावर कार्ड टाकत राहा. अंजनगावचे साडू, धामणगावचे मेहुणे, कौंडण्यपूरच्या जत्रेत ओळख झालेला एक दोरखंडवाला, सगळे कामाला लागले. पहिली काही कार्डं भटकून आली. मग पोस्टमनच्या सायकलला वाट पाठ झाली. मी अमरावतीच्या वसतिगृहातून कार्डं टाकायचो. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला क्रांती. मामा क्रांतीकडे ढुंकूनही पाहत नसत. सुट्टीत गेलो की अभिप्राय मिळायचा, "या खेपेस पत्ता बरा लिवला. पन 'ता'चा काना आखूड झाला. मजकूर नसला तरी चालते बाप्पा, पत्ता शुद्ध पाह्यजे." तेव्हापासून मी अनेक संपादकांना लेख दिले आहेत. माझ्या लिखाणाची एवढी नेमकी किंमत पुढे कुणी केली नाही.

या पोस्टखात्यानेच त्यांचा संसार एकदा धोक्यात आणला. मामींच्या भावाने, म्हणजे त्या धामणगावच्या मेहुण्यांनी, मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली. पत्ता ठरल्याप्रमाणे 'समतानगर'. पण नवीन पोस्टमन असला तर घोटाळा नको म्हणून पुढे कंसात जुनं नाव. मामांनी पाकीट न फोडताच त्यावर 'या पत्त्यावर कोणी राहत नाही' असं लिहून परत धाडलं. लग्न पार पडलं. मामींना पत्ताच नाही! पुढे भाऊ स्वतः दारात येऊन उभा राहिला. "आक्का, पोरीच्या लग्नाले तुह्या घरचं कुत्रंसुदा आलं नाई. मेले होते का सारे?" खरा प्रकार कळल्यावर मामींनी मामांशी बोलणं सोडलं. जे सांगायचं ते दारातल्या शेळीला सांगायच्या. "शेळे, सांग त्याईले, भाकर थंडी होऊन राह्यली." मामाही हट्टी, ते शेळीला शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे, "त्यांना कळवावे की आम्ही येत आहोत." महिनाभर शेळीने दोन्ही भाषा ऐकल्या. शेवटी मामींनाच हसू फुटलं आणि तह झाला. पण त्या हसत होत्या तेव्हाही डोळे पुसत होत्या, हे मी पाहिलं. भाचीला हळद लावायची राहिली, ती राहिलीच.

मग ते हिवाळ्यातलं झालं. वेचणीचे दिवस, डोक्यावर ओझं, आणि नाल्यातला एक दगड मामींच्या पायाखालून सरकला. बायांनी त्यांना उचलून आणलं. पाय मोडला होता. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या पट्ट्या बांधल्या, पण पाय पुढे वाकडाच राहिला. खाटेवर पडल्या पडल्या मामी छपराकडे बघत एकदाच म्हणाल्या, "नावानं उजेड पडते का हो? पडत असन त सांगा, मी त्याच्यातच चालीन."

बत्तीबाबूला हे कळलं. माणूस वाईट नव्हता. खुर्चीवर बसून बसून तसा झाला होता. त्याने मामांना बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाला, "तुमचंही राहो, दप्तराचंही राहो. समतानगर लिहा, फक्त पुढे कंसात जुनं नाव टाका. महिन्याभरात खांब रोवतो." एरवी मामा म्हणाले असते की, महोदय, आम्ही पिढ्यान् पिढ्या कंसातच होतो, आता कुठे बाहेर आलो. हे वाक्य त्यांनी तयारही ठेवलेलं होतं. मला आधी दोनदा म्हणून दाखवलं होतं. त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. घरी येऊन त्यांनी अर्ज लिहिला, आणि मी समोर बसलेलो असताना हळूहळू, एकेक अक्षर कोरावं तसा, कंस घातला.

मी उसळलो. "मामा, हे काय करता? हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्वाचाच हाये," मामा म्हणाले. "पन तत्त्वाचा पाय नाई मोडत, बाप्पा. हिचा मोडला."

खांब आला. नाला ओलांडून आला. दिवा लागायच्या संध्याकाळी नगराध्यक्ष आले, त्यांच्या गळ्यात हार पडला, त्यांनी प्रकाशावर भाषण केलं आणि ते चालू असतानाच दिवा लागला, त्यामुळे पुढचं कुणी ऐकलं नाही. पोट्टे नाचू लागले. म्हातारी माणसं स्वतःच्या सावल्या पाहून हसली. पेढे वाटले गेले. मामा मात्र गर्दीच्या मागे, खांबाकडे पाठ करून उभे होते. तेवढ्यात काठी टेकत मामी आल्या. खांबावर काळा पट्टा ओढून पांढऱ्या रंगाने ताजं लिहिलेलं होतं. मामींना वाचता येत नव्हतं, हे मी सांगितलंच. पण ती भांडी त्यांनी इतकी वर्षं राखेने घासली होती की ती अक्षरं बोटांना ओळखीची झाली होती. त्यांनी खांबावर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं.

"हे एवढं आपलं. परातीवरचं." मग बोट थांबलं. "आन मंग हे काय हाये? हे दोन विळ्यांच्या मधातलं?"

मामा जवळ आले. खोटं त्यांना बोलता येत नसे, आणि त्या घटकेला शुद्ध मराठीही आठवलं नसावं.

"ते आपलं जुनं नाव हाये."

"कोनं लिवलं?"

"त्याईनं लिवलं. मी लिवू देल्लं."

"काहून?"

"तुह्या पायासाठी."

मामींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "माह्या पायानं सांगतलं होतं का तुमाले?"

आणि त्या वळून घराकडे गेल्या. नगराध्यक्षांच्या हातातला दुसरा पेढा तोंडापर्यंत जायच्या आत त्या परत आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भिंतींना लावून उरलेल्या चुन्याची बादली आणि कुंचा. सगळ्यांसमोर त्यांनी दोन विळ्यांसकट ते नाव चुन्याने पुसून टाकलं. परातीवरची सहा अक्षरं तेवढी राहू दिली. कुणीतरी घाबरून म्हणालं, "बाई, आता दिवा काढून नेतीन ते." मामी कुंचा बादलीत आपटत म्हणाल्या, "दिवा राहू द्या. त्याचं काई चुकलं नाई."

दिवा राहिला. कंसही राहिला, दप्तरात. दरवर्षी नगरपालिकेचा रंगारी येतो आणि दप्तरात आहे तसं खांबावर लिहितो. आता त्याचा मामींशी घरोबा झाला आहे. तो आधी चहा पितो, मग ओशाळून म्हणतो, "बाई, मले हुकूम हाये." मामी म्हणतात, "मले बी हाये." तो लिहीत असताना त्या बादली घेऊन शेजारीच बसतात, ओल्या रंगावर चुना बसत नाही म्हणून वाळायची वाट बघतात. तेवढ्या वेळात दोघे पावसापाण्याचं बोलतात. मामांनी दुसऱ्याच दिवसापासून नवे अर्ज सुरू केले, दप्तरातला कंस काढावा म्हणून. त्यात ते जिनातून निवृत्त झाले. बत्तीबाबूही निवृत्त झाला, जाताना म्हणे भेटायला आला आणि म्हणाला, "तुमच्या अर्जांमुळं माझं मराठी सुधारलं." नव्या बाबूने कंस म्हणजे काय भानगड आहे ते विचारलं. मामांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

आता मामांना थोडं कमी दिसतं. संध्याकाळी ते त्या खांबाखाली बाज टाकून बसतात आणि पोस्टमनची वाट बघतात. कार्डं आटली आहेत. साडू गेले. वस्तीतली शिकलेली पोरं नोकरीला लांब लांब गेली. त्यांची पत्रं येतात, पण घाईत कुणी पुढे कंसात जुनं नावही लिहून मोकळं होतं, पोचलं म्हणजे झालं. मामा ती पत्रं आता परत पाठवत नाहीत. नुसती उशीखाली ठेवतात, आणि तेच मला जास्त लागतं. मी पत्रकं लिहिली, सभा केल्या, 'उठा' आणि 'जागे व्हा' हे शब्द इतके छापले की छापखान्यातला तो खिळा झिजला असेल. दमलो. गेल्या महिन्यात मी काहीच न सुचून एक कोरं कार्ड टाकलं, आणि गंमत म्हणून पत्ता 'ममतानगर' लिहिला. मामांनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं, 'अशुद्ध' म्हणून बाजूला सारलं. मामींनी ते उचललं. पहिल्या अक्षरावर बोट फिरवलं, हसल्या, आणि फळीवरच्या आपल्या पेल्यात उभं करून ठेवलं. अजून तिथेच आहे.

मामांना कार्ड टाका असं मी तुम्हाला सांगत नाही. त्यांना मी टाकीन. पण तुमच्याही गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे, अशी एखादी वस्ती असेल. तिनेही लिंबाखाली बसून स्वतःचं नाव ठरवलं असेल, आणि तिथेही कुणी मामा बाजेवर बसून सायकलच्या घंटीकडे कान लावून असतील. ते नाव विचारून घ्या. तिथल्या ओळखीच्या माणसाला एक कार्ड टाका. मजकूर सुचला नाही तर कोरं राहू द्या. पत्त्यात वस्तीचं नाव नीट, काना-मात्रा सांभाळून लिहा, आणि ते लिहून झालं की तिथेच पेन खाली ठेवा.